धुराच्या दोन वह्या

दिवाळीला किंवा डिसेंबरच्या सुट्टीत भारतात जाऊन आलेल्या कोणाच्याही घरी चहाला जा. पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य हमखास कानावर पडतं, "बाकी सगळं छान झालं हो, पण पोल्युशन किती वाढलंय तिकडे!" मग मुंबईची धूसर हवा, नळ स्टॉपच्या सिग्नलला नाकाला लावलेला रुमाल, परत आल्यावर दोन आठवडे न हटलेला खोकला असं एकेक निघतं. कुणीतरी खिडकीबाहेर बघत म्हणतं, "इथली हवा बघा, किती स्वच्छ!" आणि तिथून गप्पा अलगद पुढे सरकतात, की जग तापतंय ते अशा देशांमुळेच, आपण इथे निदान नियम तरी पाळतो.

यातलं पहिलं म्हणणं खरं आहे. दुसरंही बऱ्याच अंशी खरं आहे. तिसरं मात्र आकड्यांसमोर टिकत नाही. गोंधळ होतो तो "पोल्युशन" या एकाच शब्दात दोन अगदी वेगळे हिशेब कोंबल्यामुळे. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते. तेव्हा या निमित्ताने धुराच्या दोन वह्या उघडून बघू. गणित सातवीच्या पलीकडचं नाही, आणि एकदा समजलं की तुमच्या घराचा हिशेब तुम्हालाच करता येईल.

पहिली वही श्वासाची, दुसरी आभाळाची

गाडीच्या सायलेन्सरमधून बऱ्याच गोष्टी बाहेर पडतात. त्यातल्या काही थेट माणसाला त्रास देतात. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, न जळलेल्या इंधनाची वाफ आणि फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण. यांचा परिणाम त्याच शहरात, त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी होतो. डोळे चुरचुरतात, दमा बळावतो, हृदयाचे विकार वाढतात. पण पाऊस पडला, वारा सुटला की यातलं बरंचसं काही दिवसांत निघून जातं. ही श्वासाची वही.

दुसरी वही हरितगृह वायूंची. त्यात मुख्य कार्बन डायऑक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, रस्त्यावरच्या प्रमाणात तो श्वासाला बाधतही नाही. पण तो सूर्याची उष्णता पृथ्वीवर अडकवून ठेवतो आणि त्यातला मोठा भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. तो एडिसनमध्ये सोडला काय किंवा इचलकरंजीत सोडला काय, परिणाम सगळ्या जगावर सारखाच. ही आभाळाची वही.

या दुसऱ्या वहीतला एक आकडा लक्षात ठेवा. एक गॅलन पेट्रोल, म्हणजे इथल्या भाषेत "गॅस", जाळलं की सुमारे ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गॅलनभर पेट्रोलचं स्वतःचं वजन जेमतेम २.८ किलो. मग त्यातून नऊ किलो वायू कसा निघतो? पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. कार्बनच्या १२ भारामागे ऑक्सिजनचे ३२ भार जोडले जातात, म्हणून वजन वाढतं. पंधरा गॅलनची टाकी भरून तुम्ही पंपावरून निघता, ती संपेपर्यंत १३० किलोहून अधिक वायू मागे सोडलेला असतो. तो काळ्या धुरासारखा दिसला असता, तर आपल्या सबडिव्हिजनमध्ये रोज सकाळी भांडणं झाली असती.

इथली हवा स्वच्छ झाली कशी?

अमेरिकेची हवा पहिल्यापासून अशी नव्हती. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसवर असं धुरकं उतरायचं की भर दुपारी डोळ्यांतून पाणी यायचं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलटेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागन-स्मिट यांनी दाखवून दिलं, की मोटारींचा आणि तेल कारखान्यांचा धूर उन्हात तापून त्यातून ओझोन तयार होतो, आणि हेच ते धुरकं. मोटार कंपन्यांनी बराच काळ हे मानलं नाही. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, १९७० मध्ये देशाचा स्वच्छ हवेचा कायदा आला, आणि १९७५ च्या मॉडेलपासून इथल्या बहुतेक गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. शिसं गेलं, पेट्रोलमधलं गंधक कमी झालं. आजची नवी गाडी १९६० च्या दशकातल्या गाडीच्या तुलनेत बहुतेक विषारी घटकांच्या बाबतीत ९८-९९ टक्के स्वच्छ आहे, असं पर्यावरण संरक्षण संस्था म्हणजे ईपीए सांगते. ही मोठीच कामगिरी आहे.

पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो काय ते बघा. तो विषारी कार्बन मोनॉक्साइडचं आणि न जळलेल्या इंधनाचं रूपांतर करतो, आणि त्यातून बाहेर पडतो कार्बन डायऑक्साइड. पहिली वही तो साफ करतो, दुसरीला हातही लावत नाही. दुसरी वही कमी करायचा उपाय एकच, इंधन कमी जाळणं. तिथे प्रगती बरीच हळू आहे. १९७५ साली अमेरिकेत विकली गेलेली नवी गाडी सरासरी १३ मैल प्रति गॅलन द्यायची. २०२३ च्या मॉडेलना हा आकडा २७ पर्यंत पोचला. विषारी धूर पन्नास-शंभर पटींनी कमी झाला, कार्बन डायऑक्साइड मात्र निम्म्यावर आला. तोही मैलामागे. एकूण मैल तर वाढतच गेले, आणि सेडान जाऊन दारोदार एसयूव्ही आणि पिकअप आले.

परिणाम असा, की २०२२ च्या हिशेबात अमेरिकेच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे २८ टक्के वाहतुकीतून आले. वीजनिर्मिती २५ टक्के, उद्योग २३, घरं आणि दुकानं-कचेऱ्या मिळून १३, शेती १०. वाहतुकीचा वाटा सर्वांत मोठा, आणि त्यातलाही निम्म्याहून अधिक तुमच्या-आमच्या ड्राइव्हवेवर उभ्या असणाऱ्या गाड्यांचा. विमानांचा वाटा त्यापुढे लहान आहे, पण आपल्यासारख्यांच्या घरात तो लहान राहत नाही. त्याकडे पुढे येऊ.

पहिल्या वहीतही इथे सगळं आलबेल नाही. नेवार्क बंदराजवळच्या वस्त्यांना रात्रंदिवस डिझेल ट्रकांचा धूर खावा लागतो. फ्रेझ्नो-बेकर्सफील्डच्या खोऱ्यातली हवा आजही देशातल्या सर्वांत वाईट हवेत मोजली जाते. आणि जून २०२३ मध्ये कॅनडाच्या वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्क-न्यूजर्सीचं आकाश नारिंगी झालं होतं, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलंच आहे.

दोन वह्या एकमेकींशी जुळत नाहीत

या दोन वह्यांतल्या रकमा सारख्या असतात असं समजू नका. दोन उदाहरणं बघा.

पहिलं या दिवसांतलंच, पानगळीचं. सकाळी शेजारच्या अंगणात लीफ ब्लोअर सुरू होतो. पेट्रोलवर चालणारा मोठा लीफ ब्लोअर तासभर चालवला, तर त्यातून धुरकं तयार करणारी जेवढी द्रव्यं निघतात, तेवढी टोयोटा कॅमरी सुमारे ११०० मैल, म्हणजे लॉस एंजेलिसपासून डेन्व्हरपर्यंत चालवल्यावर निघतात, असा कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब आहे. कारण त्या छोट्या इंजिनाला कन्व्हर्टर नसतो. पण त्या तासात तो गॅलनभरही पेट्रोल पीत नाही, कॅमरीला मात्र ११०० मैलांना तीस-पस्तीस गॅलन लागतात. म्हणजे श्वासाच्या वहीत लीफ ब्लोअर मोठा गुन्हेगार, आभाळाच्या वहीत किरकोळ. दिवाळीच्या फटाक्यांचंही तसंच. एका रात्रीत शहराची हवा ते घातक करतात, पण जग तापवण्यातला त्यांचा वाटा नगण्य.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं, डिझेलचं. डिझेल गाडी मैलामागे कमी इंधन जाळते, म्हणून कार्बन डायऑक्साइड कमी. याच कारणाने युरोपने डिझेल गाड्यांना उत्तेजन दिलं आणि फोक्सवॅगनने अमेरिकेत त्या "स्वच्छ डिझेल" म्हणून विकल्या. २०१३ मध्ये आयसीसीटी या संस्थेने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाला या गाड्या प्रयोगशाळेऐवजी प्रत्यक्ष रस्त्यावर तपासायला सांगितलं. त्या छोट्या चमूत भारतातून इथे शिकायला आलेले अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोघे होते. डिकीत मोजमापाची यंत्रं ठेवून त्यांनी कॅलिफोर्नियात मैलोन्‌मैल गाड्या फिरवल्या. फोक्सवॅगन जेटामधून नायट्रोजन ऑक्साइडं मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघत होती, पसाटमधून ५ ते २० पट. पुढच्या चौकशीत उघड झालं, की चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर गाडीत बसवलेलं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये ईपीएने नोटीस काढली. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात सापडल्या. आभाळाची वही चांगली दिसावी म्हणून श्वासाच्या वहीत खाडाखोड केली होती, असंच म्हणायचं.

याच आयसीसीटीत प्रवासी वाहनांच्या कामाची धुरा अनुप बांदिवडेकर यांनी सांभाळली होती. अमेरिकेच्या गाड्यांचं इंधन आणि हरितगृह वायू २०३५ पर्यंत किती कमी करता येतील याचा एमआयटीने २००८ मध्ये जो मोठा अहवाल काढला, त्याचे ते पहिले लेखक. आपल्या मंडळींनी या विषयात काय काम केलंय, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

देशांची तुलना: भागायचं कशाने?

आता आभाळाच्या वहीत देशांची नावं लिहू. फक्त इंधन आणि सिमेंट यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड धरला, तर अलीकडच्या वर्षांत चीन सुमारे १२ अब्ज टन, अमेरिका ५ अब्ज टनांच्या जरा आत आणि भारत ३ अब्ज टनांच्या आसपास आहे. (टन म्हणजे आपला हजार किलोचा.) भारताचा नंबर तिसरा, आणि "तिकडचे लोक" म्हणणाऱ्याला एवढा आकडा पुरतो.

पण भारतात १४० कोटी माणसं आहेत आणि अमेरिकेत ३४ कोटी. माणशी भागलं की अमेरिका सुमारे १४ टन, चीन सुमारे ८ आणि भारत सुमारे २ टन. म्हणजे एक सरासरी अमेरिकन सात सरासरी भारतीयांइतका वायू सोडतो. आणि हा वायू शेकडो वर्षं टिकत असल्यामुळे जुनी थकबाकीही मोजावी लागते. औद्योगिक क्रांतीपासून आजपर्यंत जगाने जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला, त्याचा जवळजवळ पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा तीन-चार टक्के.

अमेरिकेच्या आतही असंच फसायला होतं. एकूण आकड्यात टेक्सास सगळ्यांत पुढे. माणशी बघितलं तर वायोमिंग पहिलं, तिथे माणशी ९० टनांहून अधिक, आणि न्यूयॉर्क राज्य माणशी दहा टनांच्या आत. वायोमिंगचे लोक काही दहापट गाड्या चालवत नाहीत. तिथली वस्ती सहा लाखांहूनही कमी, आणि कोळसा खणून, वीज तयार करून ते ती शेजारच्या राज्यांना विकतात. दिवा दुसरीकडे लागतो, धूर वायोमिंगच्या नावावर पडतो. न्यूयॉर्कचे लोक सबवेने फिरतात, लहान घरांत राहतात, हे खरंच. पण त्यांना लागणारं पोलाद, सिमेंट आणि धान्य दुसऱ्या राज्यांत तयार होतं हेही खरं. म्हणून कुणी आकडा सांगितला की विचारायचं: एकूण की माणशी? यंदाचा की आजवरचा? जिथे धूर निघाला तिथला, की ज्याच्यासाठी निघाला त्याचा?

अ‍ॅक्टिव्हा आणि एसयूव्ही

हीच तुलना आता रस्त्यावर आणू. तुमच्या चुलतभावाची पुण्यातली अ‍ॅक्टिव्हा लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरा. लिटरभर पेट्रोलमधून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५० ग्रॅम. तुमची इथली २५ मैल प्रति गॅलन देणारी एसयूव्ही किलोमीटरला २२० ग्रॅम सोडते, चौपटीहून जास्त. शिवाय भावाचं ऑफिस सात-आठ किलोमीटरवर, तुमचं तीस मैलांवर.

आता जरा चकित करणारा आकडा. इलेक्ट्रिक गाडीला मैलाला साधारण ०.३ युनिट वीज लागते. अमेरिकेत एक युनिट वीज तयार करताना सरासरी ०.३७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोमीटरला सुमारे ७० ग्रॅम. इथली सायलेन्सर नसलेली इलेक्ट्रिक गाडी, वीजकेंद्राचा धूर मोजला तर, तिकडच्या पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा पुढेच आहे! कारण वजन. स्कूटर ११० किलोची, आणि आपण एका माणसाला ऑफिसला न्यायला दोन टन लोखंड, काच आणि बॅटरी सोबत नेतो. भावाने उद्या इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, तर भारतातली तीन-चतुर्थांश वीज कोळशाची असूनही त्याचा आकडा २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे निम्म्यावर येईल. आणि मुंबईच्या लोकलने जाणाऱ्या मावशींचं तर विचारूच नका. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. "इलेक्ट्रिक व्हेइकल" आपल्या आजी-पणजीच्या काळापासून चालू आहे.

श्वासाच्या वहीत मात्र पारडं फिरतं. जुन्या दुचाक्या, रिक्षा, ट्रक, बांधकामाची धूळ, जाळलेला कचरा यांनी तिकडची हवा खरोखर वाईट झाली आहे आणि तिथे राहणाऱ्या आपल्या आई-वडिलांना ती रोज भोगावी लागते. १ एप्रिल २०२० पासून भारताने भारत स्टेज चारवरून पाच वगळून थेट सहावर उडी मारली. इंधनातलं गंधक ५० वरून १० भागांवर आलं, दहा लाखांत. आज तिथे विकली जाणारी नवी गाडी पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या जायला आणि धूळ-कचऱ्याचा बंदोबस्त व्हायला वेळ लागणार. अमेरिकेलाही तो लागला होता.

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

मंडळाच्या प्रत्येक पॉटलकमध्ये हा वाद होतो, म्हणून आकडे मांडतो. वर्षाला १२,००० मैल धरा.

२५ मैल प्रति गॅलनची पेट्रोल गाडी: ४.३ टन.
५७ मैल देणारी प्रियससारखी हायब्रिड: १.९ टन.
इलेक्ट्रिक गाडी, देशाच्या सरासरी विजेवर: १.३ टन.
इलेक्ट्रिक गाडी, जवळजवळ सगळी वीज कोळशापासून करणाऱ्या वेस्ट व्हर्जिनियाच्या विजेवर: ३.२ टन.
इलेक्ट्रिक गाडी, जलविद्युत भरपूर असलेल्या वॉशिंग्टन राज्यात: अर्ध्या टनाच्या आत.

म्हणजे पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक सगळीकडेच बरी, पण वेस्ट व्हर्जिनियात हायब्रिड तिच्याही पुढे जाते. बॅटरी बनवताना काही टन वायू आधीच सोडलेला असतो. सरासरी विजेवर तो दोनेक वर्षांच्या वापरात वसूल होतो, कोळशाच्या विजेवर कितीतरी जास्त वर्षं लागतात. दुसऱ्या बाजूला, पेट्रोल काढून, शुद्ध करून पंपापर्यंत आणण्यातला धूर वरच्या आकड्यांत धरलेला नाही. तो धरला तर पेट्रोल गाड्यांचे आकडे आणखी साधारण पाव हिश्शाने वाढतात.

इथे एक पोटकलम आहे. न्यूजर्सीत २०२२ पासून कोळशावरचं मोठं वीजकेंद्र उरलेलं नाही, अणुवीज आणि नैसर्गिक वायू यांवरच बहुतेक काम चालतं. पण न्यूजर्सी आणि वेस्ट व्हर्जिनिया एकाच मोठ्या वीज-जाळ्यात आहेत, पीजेएम नावाच्या, तेरा राज्यांच्या. विजेला राज्याची सीमा कळत नाही. तेव्हा "आमची वीज स्वच्छ" हे अर्धंच खरं असतं. पण हे जाळं स्वतःही बदलतंय. २००५ मध्ये अमेरिकेची निम्मी वीज कोळशाची होती, २०२३ मध्ये १६ टक्क्यांवर आली. आज घेतलेली इलेक्ट्रिक गाडी दहा वर्षं जुनी होईल तेव्हा तिच्या वाट्याचा धूर बहुधा आणखी कमी झालेला असेल. पेट्रोल गाडीच्या बाबतीत असं कधी होत नाही.

एका घराचा हिशेब

आता आपल्यासारख्या एका नमुन्याच्या घराची वही. आई, बाबा, दोन मुलं. दोन गाड्या, प्रत्येकी २५ मैल प्रति गॅलन आणि १२,००० मैल. घर गॅसच्या फर्नेसवर तापतं. आणि वर्षातून एकदा सगळे भारतात.

दोन गाड्या, ९६० गॅलन: ८.५ टन.
फर्नेस आणि गरम पाणी, ७०० थर्म (एका थर्मला ५.३ किलो): ३.७ टन.
वीज, १०,००० युनिट: ३.७ टन.
नेवार्क-मुंबई-नेवार्क, इकॉनॉमीची चार तिकिटं, प्रत्येकी साधारण २ टन: ८ टन.

एकूण जवळजवळ २४ टन. त्यात अजून खाणं, कपडे, अ‍ॅमेझॉनची खोकी काहीच धरलेलं नाही.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. भारतात एका सरासरी माणसाचा वर्षाचा सगळा हिशेब दोन टनांचा आहे. त्यात त्याचा स्वयंपाक, वीज, प्रवास, घराचं सिमेंट असं सगळं आलं. म्हणजे आपली चार तिकिटं चार भारतीयांच्या अख्ख्या वर्षाएवढी. मुंबईच्या विमानतळाबाहेर येऊन आपण "काय हे पोल्युशन" म्हणतो, तेव्हा त्या वर्षाचा हिशेब आपण विमानातच संपवून आलेलो असतो. आपले पुण्या-मुंबईचे नातेवाईक सरासरीच्या वर असतील, त्यांच्याकडे गाडी आणि एसी असेल, हे मान्य. तरी आपल्या जवळपासही ते येत नाहीत.

मग करायचं काय?

आई-वडिलांना भेटायला जाऊ नका, असं सांगणारा लेख कुणी लिहू नये आणि कुणी वाचू नये. सत्तरी ओलांडलेल्या आईसाठी काढलेलं तिकीट हे टनांत मोजायची गोष्ट नाही. पण त्या वहीत दुसऱ्याही ओळी आहेत, आणि त्या आपल्या हातात आहेत.

सगळ्यांत मोठी ओळ गाड्यांची. तिथे एक फसवी गोष्ट सांगतो. १५ मैल देणारी गाडी जाऊन २० मैल देणारी आली, तर १२,००० मैलांना २०० गॅलन वाचतात. ३० ची जाऊन ५० ची आली, तर १६०. म्हणजे घरातली सर्वांत जास्त पिणारी गाडी आधी बदला, तिथेच जास्त वाचतं. २५ च्या जागी ५० ची हायब्रिड आली, तर वर्षाला दोन टनांहून अधिक वाचतात, म्हणजे भारताच्या एका फेरीएवढे. ती गाडी दहा वर्षं राहते, त्यामुळे हा एक निर्णय दहा फेऱ्यांइतका आहे. आणि घरून काम करण्याचा एक दिवस वाढवता आला, तर तेवढ्यासाठी गाडी विकत घ्यावी लागत नाही.

दुसरी ओळ फर्नेसची. ती मोडकळीला आली की हीट पंपाचाही भाव विचारा. तोवर थर्मोस्टॅट दोन अंश खाली आणि अंगात स्वेटर. आपल्या घरात हिवाळ्यात हाफ पँट घालून फिरणारी मुलं आहेत, त्यांना हे सांगणं कठीण आहे याची कल्पना आहे.

प्रवासाच्या ओळीत एवढंच, की दोन छोट्या फेऱ्यांपेक्षा एक लांब फेरी बरी. घरून काम चालत असेल तर महिनाभर तिथूनच करा; आई-बाबांनाही तेच हवं असतं. बिझनेस क्लासची सीट विमानात इकॉनॉमीच्या तिपटीएवढी जागा खाते, म्हणून तिचा हिशेबही त्याच पटीत.

एक ओळ मंडळाची. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला एकाच रस्त्यावरच्या चार घरांतून चार गाड्या येतात. नोंदणीच्या अर्जात "आमच्या गाडीत दोन जागा आहेत" असा एक रकाना घालता येईल. आणि उरलेली शिरा-पुरी कचऱ्यात जाते तेव्हा ती कचरा डेपोत कुजून मिथेन होते. टनाला टन धरला तर शंभर वर्षांत तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता अडकवतो. डबे घेऊन या, उरलेलं घरी न्या. आपल्या आयांनी हे न शिकवताच केलं.

आणि तिकडच्या हवेचं काय? ती श्वासाची वही आहे, आणि तिथेही आपल्याला करता येण्यासारखं आहे. जाताना बाबांसाठी चांगले एन-९५ मास्क न्या. त्यांच्या झोपण्याच्या खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र बसवून द्या. दमा असेल तर हिवाळ्यात पहाटेचं फिरणं उन्हं वर आल्यावर करायला सांगा. चुलतभावाच्या अ‍ॅक्टिव्हाचं पीयूसी संपलं असेल तर त्याला जरूर बोला. पण जग तापवल्याबद्दल त्याला बोलू नका. त्या वहीत त्याचं नाव आपल्या बरंच खाली आहे.

यंदा लक्ष्मीपूजन झाल्यावर अर्धा तास काढा. गाड्यांचे वर्षभराचे मैल, फर्नेसचे थर्म, विजेची युनिटं आणि तिकिटं एका कागदावर लिहा. गॅलनला ८.९ ने गुणा, थर्मला ५.३ ने, युनिटला ०.३७ ने, आणि माणशी भारताच्या फेरीला दोन हजार किलो धरा. हजाराने भागलं की तुमचे टन आले. गुणाकार मुलांना करू द्या. कागद फ्रिजवर लावा आणि पुढच्या दिवाळीला त्याच्याशेजारी नवा लावा. शुभ दीपावली!